गोलातला माणूस

मुलांनो, मैदानावर फुटबॉल खेळण्यासाठी तुम्ही दोन संघ पाडता तेव्हा काय होते, ते आठवा. प्रत्येकाला पुढे खेळायचे असते, गोल मारायचा असतो. गोलात उभे राहायला कोणी तयार नसते. शेवटी सर्वांत लहान मुलाला, नाहीतर ज्याला नीट पळता येत नाही त्याला तिथे उभे करतात. मग गोल झाला की सगळे त्याच्यावरच ओरडतात. पुढच्या खेळाडूने दहा वेळा चेंडू बाहेर मारला, तरी ते संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. गोलरक्षकाच्या हातून निसटलेला एकच चेंडू मात्र आठवडाभर सर्वांच्या तोंडी असतो.

या धड्यात तुम्हांला अशाच एका गोलरक्षकाची हकिकत वाचायची आहे. त्याचे नाव लेव याशिन.

लेवचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ रोजी मॉस्को शहरात झाला. मॉस्को ही त्या वेळी सोव्हिएत रशियाची राजधानी होती. घरची माणसे कारखान्यात राबणारी. लेव लहान असतानाच त्याची आई वारली. घराजवळच्या मोकळ्या जागेत मुले फुटबॉल खेळत आणि हिवाळ्यात बर्फ पडला की बर्फावरची हॉकी खेळत. लेवला दोन्ही खेळ आवडत. पण त्यालाही तुमच्यासारखेच पुढे खेळून गोल मारायचे होते!

१९४१ साली जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केला. मॉस्कोतले अनेक कारखाने यंत्रांसह आणि कामगारांसह पूर्वेकडे दूर हलवले गेले. लेवच्या वडिलांचा कारखाना व्होल्गा नदीकाठच्या उल्यानोव्स्क शहराजवळ गेला. घरातली सगळी त्याच्याबरोबर गेली. मोठे पुरुष लढाईवर गेल्यामुळे कारखान्यांत माणसे कमी पडू लागली. तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा लेवही यंत्रासमोर उभा राहिला. तुमच्या वर्गातला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याचे वय किती कोवळे होते ते कळेल. पोटभर अन्न नाही, थंडी भयंकर आणि काम मोठ्या माणसाएवढे. तिथेच मोठ्या कामगारांच्या संगतीने त्याला सिगारेट ओढायची सवय लागली. ही सवय त्याला पुढे फार महागात पडली.

लढाई संपत आली तेव्हा ही मंडळी मॉस्कोला परतली. लेवचे कारखान्यातले काम सुरूच होते. पहाटे उठायचे, लांब कारखान्यात जायचे, दिवसभर राबायचे आणि सुट्टी झाली की कारखान्याच्या संघातून फुटबॉल खेळायचे. तो उंच होता, म्हणून त्याला गोलात उभे केले गेले. अठराव्या वर्षी मात्र त्याचे मन एकाएकी खचले. कशातच जीव रमेना. त्याने काम सोडले आणि घरही सोडले. कामावर न जाणे हा तिथे त्या काळी गुन्हा समजला जाई. म्हणून त्याने सैन्यात नाव घातले. सैन्यात असताना त्याचा खेळ अर्काडी चेर्निशेव या प्रशिक्षकांनी पाहिला आणि त्याला मॉस्कोच्या डायनॅमो संघात बोलावले. त्यानंतर याशिन आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून फुटबॉल खेळला नाही.

तुम्हांला वाटेल, इतका मोठा खेळाडू पहिल्या दिवसापासूनच चमकला असेल. झाले उलटेच. १९५० साली डायनॅमोकडून तो एका सरावाच्या सामन्यात उतरला. समोरच्या संघाच्या गोलरक्षकाने आपल्या गोलातून चेंडू लांब टोलवला. चेंडू पकडायला याशिन पुढे धावला आणि आपल्याच संघातल्या खेळाडूवर आदळला. दोघेही पडले आणि चेंडू उड्या घेत गोलात गेला. गोलरक्षकाने गोलरक्षकावर केलेला गोल! संघातले जुने खेळाडू पोट धरून हसले. त्याच वर्षी एका महत्त्वाच्या सामन्यातही तो असाच आपल्या खेळाडूवर आदळला आणि गोल झाला. त्याला परत राखीव संघात पाठवण्यात आले.

तेव्हा डायनॅमोचा गोल अलेक्सेई खोमिच सांभाळत होता. लोक त्याला वाघ म्हणत. असा वाघ पुढे असताना याशिनचा नंबर कधी लागणार? तो तीन वर्षे बाहेर बसला. पण नुसता बसला नाही. हिवाळ्यात तो डायनॅमोच्या बर्फावरच्या हॉकी संघात गोल अडवू लागला. त्या खेळात चेंडू नसतो, रबराची कडक चकती असते आणि ती गोळीसारखी येते. १९५३ साली त्याच्या संघाने देशाचा हॉकी चषक जिंकला. नजर आणि हात यांना याहून चांगली तालीम कोणती मिळणार? त्याच वर्षी फुटबॉलचा गोलही त्याच्या हाती आला आणि मग सतरा वर्षे त्याच्याकडेच राहिला.

आता त्याचा खेळ कसा होता ते पाहा. त्या काळचे बहुतेक गोलरक्षक दोन खांबांच्या मधल्या रेषेवर उभे राहत आणि चेंडू येण्याची वाट पाहत. याशिन वाट पाहत नसे. धोका दिसला की तो गोल सोडून पुढे धावे आणि चेंडू पायाने दूर मारी. उंच आलेला चेंडू पकडता येणार नसेल, तर तो मुठीने ठोसून बाहेर काढी. चेंडू हातात आला की लगेच हाताने लांब फेकून आपल्या संघाची चढाई सुरू करून देई. शिवाय सामनाभर तो मागून मोठ्याने ओरडून बचाव करणाऱ्यांना कुठे उभे राहायचे ते सांगे. घरी त्याची पत्नी व्हॅलेंटिना म्हणे, इतके ओरडू नकोस! त्याचा पोशाख गडद रंगाचा असे आणि लांबून तो काळाच दिसे. त्यात त्याचे हात लांब. म्हणून परदेशातले लोक त्याला काळा कोळी म्हणू लागले. कोळी म्हणजे जाळे विणणारा कोळी, मासे पकडणारा नव्हे. अर्थात याशिनला मासे पकडण्याचाही भारी नाद होता, ही गोष्ट वेगळी.

१९५६ साली मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने झाले. याशिनच्या संघाने अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. याच स्पर्धेत आपला भारतही होता, हे तुम्हांला ठाऊक आहे का? भारताचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब मूळचे शाळेतले शिक्षक. त्यांच्या संघातल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले आणि भारत चौथा आला. उपांत्य सामन्यात भारत युगोस्लाव्हियाकडून हरला. तो सामना जिंकला असता, तर सुवर्णपदकासाठी नेव्हिल डिसूझाच्या समोर याशिन उभा राहिला असता!

१९६० साली युरोपातल्या देशांची पहिली स्पर्धा झाली. तीही सोव्हिएत संघाने जिंकली. याशिनचे नाव आता सगळीकडे झाले होते. आणि मग १९६२ साल आले.

त्या वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात विश्वचषक स्पर्धा होती. आरिका नावाच्या गावात सोव्हिएत संघाचा सामना कोलंबियाशी झाला. एका वेळी सोव्हिएत संघ ४-१ असा पुढे होता. तेव्हा मार्कोस कोल या खेळाडूने कोपऱ्यावरून चेंडू मारला. चेंडूवर कोणी जायचे, याचा गोलाजवळ गोंधळ झाला आणि चेंडू सरळ आत गेला. शेवटी सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. पुढे उपांत्यपूर्व सामन्यात यजमान चिलीने सोव्हिएत संघाला २-१ असे हरवले. चिलीचे दोन्ही गोल लांबून मारलेल्या चेंडूंवर झाले होते.

हे सामने त्याच्या देशातल्या लोकांना दूरचित्रवाणीवर दिसले नव्हते. वर्तमानपत्रांत जे छापून आले, तेवढेच त्यांना कळले. छापून आले ते असे, की पराभवाला याशिन कारणीभूत आहे. अकरा जण खेळले, पण दोष एकाच्या वाट्याला आला. परदेशी पत्रकारांनीही याशिन संपला असे लिहून टाकले. तो मॉस्कोत मैदानात उतरला की प्रेक्षक शिट्ट्या वाजवून त्याची हुर्यो उडवू लागले. त्याच्या घराच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या गेल्या. शिव्यांची आणि धमक्यांची पत्रे येऊ लागली. ही पत्रे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही तो सामना पाहिला नव्हता, याचे मला फार नवल वाटते.

याशिन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. खेळ सोडावा, असे त्याच्या मनात आले. तो मॉस्को सोडून खेड्यात गेला आणि गळ टाकून नदीकाठी बसून राहिला. डायनॅमोच्या प्रशिक्षकांनी त्याला घाई केली नाही. काही दिवसांनी त्याचे त्यालाच चैन पडेना. तो परत आला आणि सराव करू लागला. पुन्हा मोठ्या सामन्यांत तो हळूहळूच उतरला. शिट्ट्या एका दिवसात थांबल्या नाहीत.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९६३ साली, देशाच्या साखळी स्पर्धेत तो सत्तावीस सामने खेळला. या सत्तावीस सामन्यांत त्याच्यावर किती गोल झाले असतील? फक्त सहा! डायनॅमो संघ त्या वर्षी विजेता ठरला.

त्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला शंभर वर्षे झाली. त्यानिमित्त २३ ऑक्टोबरला लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंड विरुद्ध जगातले निवडक खेळाडू असा सामना ठेवला होता. जगाच्या संघात गोलरक्षक म्हणून याशिनला बोलावणे आले. आदल्याच दिवशी त्याला चौतीस वर्षे पूर्ण झाली होती. तो पहिल्या अर्ध्या वेळात खेळला. इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजने जवळून मारलेले चेंडूही त्याने अडवले. अर्धा वेळ संपला तेव्हा इंग्लंडचा एकही गोल झालेला नव्हता. मग ठरल्याप्रमाणे दुसरा गोलरक्षक आला आणि इंग्लंडने सामना २-१ असा जिंकला. हा सामना मात्र त्याच्या देशातल्या लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. ज्याला आपण संपवले होते तो कसा खेळतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

वर्षअखेरीस युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून फ्रान्समधल्या एका नियतकालिकाचा सोनेरी चेंडू याशिनला मिळाला. हा मान बहुधा गोल मारणाऱ्यांना मिळतो. पुरुष गोलरक्षकांपैकी तो आजवर एकट्या याशिनला मिळाला आहे.

१९६६ च्या विश्वचषकात त्याचा संघ चौथा आला. १९७१ च्या मे महिन्यात मॉस्कोच्या मोठ्या मैदानावर त्याच्या निरोपाचा सामना झाला. सुमारे एक लाख माणसे जमली होती. समोरच्या संघात बॉबी चार्ल्टन आणि गेर्ड म्युलर यांच्यासारखे नामवंत खेळाडू होते. दुसऱ्या अर्ध्या वेळात याशिन थांबला, त्याने आपले हातमोजे व्लादिमिर पिल्गुय या तरुण गोलरक्षकाच्या हाती दिले आणि तो मैदानाबाहेर गेला. नऊ वर्षांपूर्वी ज्या शहराने त्याच्यासाठी शिट्ट्या वाजवल्या, ते शहर त्या दिवशी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

नंतरचे दिवस हालाचे गेले. सिगारेट सुटली नव्हती. पोटाचे दुखणे जुनेच होते. पुढे पायातला रक्तपुरवठा बिघडला आणि त्याचा एक पाय कापावा लागला. २० मार्च १९९० रोजी पोटाच्या कर्करोगाने तो वारला. तेव्हा तो साठ वर्षांचा होता.

२०१८ साली रशियात विश्वचषक स्पर्धा भरली. तिच्या भित्तिचित्रावर कोणाला दाखवायचे, असा प्रश्न आला तेव्हा गोल मारणारा कोणी निवडला गेला नाही. चित्रात डोक्यावर टोपी घातलेला एक गोलरक्षक हवेत झेपावला आहे. त्याचा हात लांब वर ताणला आहे आणि बोटे चेंडूला भिडली आहेत. तो गोलरक्षक म्हणजे लेव याशिन.