सावित्रीबाईंच्या हातातले चित्रांचे पुस्तक

शिरवळच्या आठवडी बाजारात एका झाडाखाली काही मिशनरी मंडळी गाणी म्हणत होती. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची लहानगी सावित्री तेथे रेंगाळली आणि तिच्या हाती एक पुस्तिका पडली. वाचता येत नव्हते, चित्रे मात्र पाहता येत होती. वडिलांनी रागाने पुस्तिका भिरकावून दिली. पोरीने ती गुपचूप उचलून जपली आणि १८४० साली नवव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेली तेव्हा बरोबर नेली. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रांत ही हकीकत येते. तीत नंतरच्यांनी थोडे रंग भरले असतीलही, पण अक्षरांच्या आधी चित्र भेटलेली ही मुलगी मला फार जवळची वाटते.

त्याला कारण आहे. बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे बीड जिल्ह्यात गेली. कर्जाच्या कागदांवर बायांचे निळे अंगठे मी शेकड्यांनी पाहिले. त्यांच्या नाती आता शाळेत जातात. ३ जानेवारीला, बालिका दिनी, त्यांतली एखादी नऊवारी नेसून, मोठे कुंकू लावून सावित्रीबाई होते. मात्र मुलांसाठीची जी चित्रपुस्तके मी चाळली, त्यांत सावित्रीबाईंचा मुक्काम बहुधा दोनच चित्रांत असतो. एकात लोक शेण फेकताहेत, दुसऱ्यात त्या फळ्यापुढे उभ्या. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे जेमतेम ८०७ मुली उरलेल्या या जिल्ह्यात, मोठे व्हायचे म्हणजे आधी शेण झेलायचे, एवढेच मुलींनी शिकावे काय?

खरे तर या बाईचे आयुष्य चित्रांनी गच्च भरलेले आहे. नवऱ्याकडून अक्षरे गिरवणारी मुलगी. बीडच्या शेजारच्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेणारी तरुणी. १८४८ साली भिडेवाड्यातली शाळा. पुढे सोबतीला फातिमा शेख. १८५६ साली आजारपणात माहेराहून ज्योतीरावांना लिहिलेल्या पत्रात शाळेचा भार एकट्या फातिमावर पडल्याची काळजी आहे. दोन मैत्रिणी मिळून शाळा चालवताहेत, हे चित्र एखाद्या मुसलमान मुलीपुढे ठेवले तर ती पान उलटायची घाई करणार नाही.

पुढची पाने काढायला चित्रकाराला धीर हवा. १८६३ साली फुले दांपत्याने फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तिथली बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली. तेथे जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी पोटच्यासारखा वाढवला, तोच डॉक्टर यशवंत. मूल दत्तक आलेल्या घरांत तरी हे पान हवेच. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ज्योतीराव गेले. दत्तकाच्या हक्कावरून भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हातात धरले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. आजही किती घरांत बाईला हे करू देतात, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

दसरा-दिवाळीनंतर बीडमधली लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. हंगामी वसतिगृहात जी मुले राहत नाहीत, ती फडावर जातात आणि शाळेच्या कपाटातली पुस्तके कपाटातच राहतात. संसाराच्या पत्र्याच्या पेटीत एक पातळसे चित्रपुस्तक सहज मावेल, आणि वाचता न येणारी आईही त्यातली चित्रे पाहू शकेल. शिक्षकांनी ते पोराच्या हाती द्यावे. हरवले तर हरवले. बँकवाला असूनही एवढे बुडीत खाते मी आनंदाने मंजूर करीन.

त्या पुस्तकात मला एक चित्र हवेच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. यशवंतांनी ससाणे मळ्यात दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत चालत आणले. डोक्यावर मोळी आणि पाठीशी लेकरू अशी आई रोज पाहणाऱ्या मुलाला हे चित्र कोणी समजावून सांगायला नको. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. पांडुरंग वाचला.