योगासनांना एक्स-रे मशीनसमोर उभं करणारे स्वामी कुवलयानंद

वसमतच्या शिवारात दिवसभर वाकून हळद काढणारी आई आणि हिंजवडीत लॅपटॉपवर मान घालून बसलेला तिचा मुलगा. कंबर तिची दुखते, मान याची. दोघांना सल्ला मात्र एकच मिळतो, योगा कर. मग कुणीतरी रील पाठवतं, त्यातला धडधाकट माणूस सरसर वाकून दाखवतो, आणि आपण ते करायला गेलो की दुखणं दुप्पट होतं.

आता यातला खरा प्रश्न. आसन केल्यानं शरीरात नेमकं होतं काय? दुखणं कमी होत असेल तर कशामुळे? आणि मनावरचा ताण हलका होतो म्हणतात, तो स्नायूंमधून कसा काय उतरतो?

शंभर वर्षांपूर्वी एका मराठी संस्कृत पंडिताला हेच प्रश्न पडले होते. त्यानं उत्तर पोथीत शोधलंच, पण तेवढ्यावर न थांबता तो थेट दवाखान्याच्या एक्स-रे विभागात गेला. नाव जगन्नाथ गणेश गुणे. लोक त्यांना ओळखतात स्वामी कुवलयानंद म्हणून.

३० ऑगस्ट १८८३ ला गुजरातेत बडोद्याजवळच्या डभोईत त्यांचा जन्म झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक, आई सरस्वतीबाई. घरची परिस्थिती बेताची. पण पोरगं हुशार निघालं. १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढं बडोद्याच्या कॉलेजात आले. अरविंद घोष तेव्हा तिथं शिकवत होते आणि टिळकांचं राजकारण ऐन भरात होतं. अशा हवेत वाढलेल्या मुलानं लग्न न करता देशासाठी आयुष्य वेचायचं ठरवलं, यात त्या काळात तरी नवल नव्हतं.

१९०७ ते १९१० ही तीन वर्षं ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली तयार झाले. शरीर कमावलं. म्हणजे नंतर ज्याला आपण योगी म्हणून ओळखतो तो माणूस आधी आखाड्यातला गडी होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

मग अमळनेर. खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी शिकवलं, १९२१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२३ मध्ये ते कॉलेज इंग्रज सरकारच्या रोषामुळे बंद पडलं.

या सगळ्याच्या मधे, १९१९ साली, नर्मदेकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदास भेटले. हे त्यांचे योगातले गुरू.

मराठी माणसाला योग काही नवा नव्हता. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे. आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, ही कथा तर पोराटोरांना माहीत असते. पण योग म्हणजे गुरूनं शिष्याला द्यायची गोष्ट. ती मोजायची असते, असं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

गुण्यांच्या डोक्यात आलं. गुरूंकडून शिकलेल्या क्रिया ते स्वतः करून बघत होते, फायदा जाणवत होता, पण परंपरेत दिलेली कारणं त्यांना जशीच्या तशी पटत नव्हती. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात त्यांनी काही विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौलीचे प्रयोग केले. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण सोडून पोट आत आणि वर खेचणं. नौली म्हणजे पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढं काढून फिरवणं. पोरं नौली करतायत आणि एक्स-रेत आतलं दृश्य टिपलं जातंय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

पुढं दाब मोजण्याच्या नळीनं, म्हणजे मॅनोमीटरनं, त्यांनी मोठ्या आतड्यातला दाब मोजला. नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली जातो, असं दिसलं. योगी बस्ती करताना पाणी आत कसं ओढून घेतात, या जुन्या कोड्याचं हे साधं भौतिक उत्तर होतं. त्यात चमत्कार नव्हता, दाबातला फरक होता. या निर्वाताला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास निर्वात.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक काढलं. त्याची रचना बघण्यासारखी होती. एक विभाग शास्त्रीय प्रयोगांचा, एक अर्धशास्त्रीय, आणि एक सामान्य वाचकांसाठी. आज एक्सप्लेनर म्हणून जे लिहिलं जातं, ते हा माणूस तेव्हा करत होता, फक्त एक्स-रेच्या फोटोंसकट.

प्रयोग त्यांच्या आवडत्या समजुतींच्या विरोधात गेले तरी ते छापत. प्राणायामानं भरपूर ऑक्सिजन मिळतो, हे आजही तुम्हाला कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. त्यांच्या मोजणीत तसं काही दिसलं नाही. मग त्यांनी मांडलं की प्राणायामाचा फायदा असेल तर तो ऑक्सिजनमधून येत नाही, मज्जासंस्थेवरच्या परिणामातून येतो.

१९२७ साली गांधीजींचा रक्तदाब वाढला होता, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी सल्लामसलत केली. त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. पण नावाजलेल्या रुग्णांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते आसनाबद्दलचं त्यांचं म्हणणं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपले स्नायू दोन कामं करतात. एक हालचालीचं, म्हणजे उचलणं, पळणं, फेकणं. दुसरं शरीर धरून ठेवण्याचं. तुम्ही नुसते बसलेले असता तेव्हाही मानेचे, पाठीचे, पोटाचे स्नायू थोडे ताणलेले असतात, नाहीतर माणूस पिशवीसारखा खाली बसेल. या सततच्या ताणाला डॉक्टर टोन म्हणतात. आणि राग, भीती, काळजी यांचा पहिला परिणाम इथंच होतो. चिंता लागली की खांदे कानाकडे चढतात, जबडा आवळला जातो, पोट कडक होतं. चिंता रोजचीच असेल तर खांदे खाली यायचं विसरूनच जातात. मग दुखणं सुरू होतं, आणि दुखण्यानं मन आणखी आवळतं.

व्यायामशाळेतला व्यायाम हालचालीच्या स्नायूंना ताकद देतो. आसनाचं काम वेगळं, ते या धरून ठेवणाऱ्या ताणाशी बोलतं. म्हणून आसनात झटका नको, हिसका नको, दमणं नको. हळू स्थितीत जायचं, जिथं सुखानं राहता येईल तिथं थांबायचं, लागेल तेवढीच ताकद वापरायची आणि लक्ष आत ठेवायचं. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल सोडावा असं सांगितलं, त्याचा अर्थ कुवलयानंदांनी असा शरीरशास्त्राच्या भाषेत लावला. मांड्यांच्या शिरा तुटेपर्यंत वाकणं त्यांच्या लेखी आसनच नव्हतं.

त्यांनी आसनांचे तीन गट केले. शरीर सुधारणारी, विश्रांती देणारी आणि ध्यानासाठीची. विश्रांतीच्या गटातलं शवासन आपण सगळ्यात हलक्यात घेतो, वर्ग संपला की दोन मिनिटं आडवं व्हायचं म्हणून. त्यांनी मात्र ते बारकाईनं शिकवलं. उताणं पडा, एकेक अवयवाकडे लक्ष न्या, तिथं कुठं ताण शिल्लक आहे ते ओळखा, सोडा. मग श्वास फक्त पाहा. श्वासाला लय लावायची घाई करू नका. करून बघा, खांदा सैल सोडलाय असं वाटतं आणि तो जमिनीला टेकलेलाच नसतो.

हे काही एकट्या लोणावळ्यात चाललं होतं असं नाही. शिकागोत एडमंड जेकबसन यांनी स्नायू टप्प्याटप्प्यानं सैल सोडण्याच्या पद्धतीवर १९२९ मध्ये पुस्तक लिहिलं. मूळचे टास्मानियातले नट एफ. एम. अलेक्झांडर यांचा रंगमंचावर आवाज बसायचा. त्याचं कारण आपण मान आणि डोकं कसं धरतो यात त्यांना सापडलं होतं, आणि लंडनमध्ये ते हेच शिकवत होते.

अमेरिकेतले अभ्यासक लोणावळ्यालाही आले. येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन यांनी इथं प्राणायाम शिकून स्वतःवर चाचण्या घेतल्या. १९३७ च्या पुस्तकात त्यांनी मान्य केलं की प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत गती मंदावली, पण मनाच्या स्थैर्यासाठी ही साधना त्यांना मोलाची वाटली. त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या जोसेफिन रॅथबोन आल्या. शरीराची ठेवण सुधारणं आणि विश्रांती हाच त्यांचा विषय. पुढं १९५४ मध्ये अमेरिकेत क्रीडावैद्यकाची जी मोठी संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या.

आता आखाड्याकडे परत येऊ. स्थिर आणि सावकाश आसन सांगणाऱ्या याच स्वामींनी १९३०च्या दशकात शाळा-मैदानांसाठी यौगिक संघ व्यायाम तयार केला. शेकडो मुलं, एक हुकूम, सगळ्यांचे हात एकदम वर. यात आत लक्ष देणं कुठं बसतं? नीट बसत नाहीच. माणिकरावांचा शिष्य आणि माधवदासांचा शिष्य एकाच माणसात राहत होते, आणि गुलामीतल्या देशातली पोरं मजबूत व्हावीत ही घाईही होती. २१ जूनला हिंगोलीपासून दिल्लीपर्यंत मैदानांवर माईकच्या तालावर जे दिसतं, ते संघ व्यायामाच्या जास्त जवळचं आहे. योग लोकांपर्यंत त्यानं पोहोचला हे खरं. पण कंबरदुखीवाल्याला उपयोगी पडेल तो भाग त्या गर्दीत हरवतो.

१९३६ पासून मुंबईच्या चौपाटीजवळ त्यांचं आरोग्यकेंद्र चालू झालं, नंतर लोणावळ्यात योग महाविद्यालय आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला योगोपचारांचं रुग्णालय आलं. १९६३ मध्ये डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासोबत लिहिलेलं ‘योगिक थेरपी’ हे पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं प्रसिद्ध केलं. वरची टोनची मांडणी त्यात सविस्तर आहे. तिला आजच्या कसोट्या लावल्या तर उणिवा दिसतात. प्रयोगात माणसं मोजकी, तुलनेसाठी दुसरा गट बहुधा नाहीच. काही ठिकाणी श्रद्धा पुराव्याच्या दोन पावलं पुढं गेलेली. पण पुराव्याशिवाय बोलायचं नाही हा हट्ट त्यांचाच होता, त्यामुळे ही टीकाही त्यांच्याच पद्धतीनं करता येते.

१८ एप्रिल १९६६ ला कुवलयानंद गेले. तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात आला. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना रोज साधारण अर्धा तास शवासन करायला लावलं होतं. औषधं न घेणाऱ्यांचा सरासरी रक्तदाब उतरला, औषधं घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी करता आल्या, आणि काहींना फरक पडला नाही, तेही त्यात नोंदवलेलं आहे. निबंधाच्या लेखकांत लोणावळ्याचे विनेकरही होते.