विश्लेषण : पिकांमधील जनुकांची अदलाबदल प्रथम ‘दिसली’ कशी? कोण होत्या बार्बरा मॅक्लिंटॉक?

मावळात आंबी, वडगाव परिसरात घराघरात शिजणारा इंद्रायणी तांदूळ हा आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या दोन वाणांच्या संकरातून तयार झाला. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेला हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला. एका वाणाचा सुवास आणि दुसऱ्याचे उत्पादन एकाच रोपात आणायचे, तर पेशीत जनुकांची नवी जुळणी व्हावी लागते. या जुळणीतील एका महत्त्वाच्या टप्प्याचा डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा १९३१ मध्ये अमेरिकेत मक्यावर मिळाला. तो मिळवणाऱ्या दोघींपैकी एक होत्या बार्बरा मॅक्लिंटॉक.

अदलाबदल म्हणजे काय?

परागकण आणि बीजांड तयार होताना पेशीतील गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. त्याआधी आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रे जोडीने शेजारी येतात आणि आपापले तुकडे एकमेकांशी बदलतात. हेच जनुकीय पुनर्संयोजन किंवा ‘क्रॉसिंग ओव्हर’. ही अदलाबदल झाली नाही, तर एका गुणसूत्रावरील चांगले-वाईट गुण एकगठ्ठाच पुढच्या पिढीत जातात.

मॅक्लिंटॉक या क्षेत्रात कशा आल्या?

त्यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. मुलगी जास्त शिकली तर तिचे लग्न जमणार नाही, या भीतीने आईचा महाविद्यालयाला विरोध होता. वडिलांनी पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये त्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाल्या. १९२७ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्रात पीएचडी मिळवली. मक्याची कोवळी पेशी रंगवून, काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत त्यांनी सुधारली. त्यामुळे मक्याची १० गुणसूत्रे लांबी आणि ठेवणीवरून एकेक करून ओळखता येऊ लागली.

१९३१ चा प्रयोग काय होता?

जनुकांची अदलाबदल होते, हे संततीच्या गुणांवरून शास्त्रज्ञांना माहीत होते. पण तेव्हा गुणसूत्रांचे तुकडे खरोखर बदलतात का, हे कोणी दाखवले नव्हते. अडचण अशी की जोडीतील दोन्ही गुणसूत्रे सारखीच दिसतात. मॅक्लिंटॉक आणि त्यांची विद्यार्थिनी हॅरिएट क्रेटन यांनी मक्याचे वेगळे ९ वे गुणसूत्र निवडले. त्याच्या एका टोकाला गडद गाठ होती, तर दुसऱ्या टोकाला ८ व्या गुणसूत्राचा तुकडा जोडला गेला होता. त्याच गुणसूत्रावर दाण्याचा रंग आणि दाण्याचा मेणचटपणा ठरवणारी जनुके होती.

हे गुणसूत्र आणि त्याचा साधा जोडीदार असलेल्या रोपांचा संकर करून मिळालेले दाणे दोघींनी तपासले. ज्या दाण्यांत रंग आणि मेणचटपणा यांची जुनी जोडी फुटली होती, त्यांच्या रोपांत गाठ आणि जोडतुकडा यांचीही फारकत झालेली दिसली. म्हणजे जनुकांबरोबर गुणसूत्राचा तुकडाही जागा बदलत होता.

दोघी आणखी एका हंगामाचे पीक येईपर्यंत थांबणार होत्या. मात्र, कॉर्नेलला आलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी निष्कर्ष लगेच प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. शोधनिबंध ऑगस्ट १९३१ मध्ये आला. त्याच वर्षी, थोड्याच काळाने, कर्ट स्टर्न यांनी फळमाशीत हेच सिद्ध केले. पीक निघेपर्यंत थांबल्या असत्या, तर पहिला मान हुकला असता.

पुढे काय झाले?

इतके होऊनही मॅक्लिंटॉक यांना कायमची नोकरी मिळाली नाही. काही वर्षे त्या शिष्यवृत्त्यांवर काम करत राहिल्या. १९३६ मध्ये मिसुरी विद्यापीठात सहायक प्राध्यापकपद मिळाले, पण तिथे भवितव्य दिसेना म्हणून १९४१ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे स्थिरावल्या. तिथे मक्याच्या ठिपकेदार दाण्यांचा अभ्यास करताना, काही जनुकीय घटक गुणसूत्रावरील आपली जागा सोडून दुसरीकडे जातात, हे त्यांच्या लक्षात आले. १९५१ मध्ये त्यांनी हे मांडले, तेव्हा बहुतेकांना ते पटले नाही. पुढे जिवाणूंमध्येही असे घटक सापडले. १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल एकटीला मिळाले. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज हा अभ्यास कसा होतो?

कोवळ्या तुऱ्यातील परागकोश घेऊन, पेशी रंगवून गुणसूत्रे पाहणे आजही सुरू आहे. जोडीला डीएनए खुणा आल्या आहेत. १०० पैकी एका संततीत दोन खुणांची जोडी फुटली, तर त्यांच्यातील अंतर एक सेंटिमॉर्गन धरतात. हव्या गुणाला चिकटून नको असलेला गुण आला, तर त्या दोहोंच्या मधोमध अदलाबदल झालेले रोप पैदासकार अशाच खुणांवरून शोधतात. गाठ आणि जोडतुकडा यांच्या जागी आता डीएनए खुणा आल्या, पण शोधण्याची रीत १९३१ चीच आहे.