मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (जन्म : १५ सप्टेंबर १८६०, काही नोंदींनुसार १८६१, मृत्यू : एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंते, म्हैसूर संस्थानाचे दिवाण आणि भारतरत्न पुरस्काराचे मानकरी होते. खडकवासला धरणावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे हे जलाशयाची पातळी व पुराचा विसर्ग यांच्या नियमनातील महत्त्वाचे काम मानले जाते. त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

शिक्षण व मुंबई इलाख्यातील सेवा

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (नंतरचे अभियांत्रिकी महाविद्यालय) स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेतले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक, धुळे, सक्खर, सुरत व पुणे येथे त्यांनी काम केले. दख्खनमधील कालव्यांसाठी पाळीने पाणी देणारी गट पद्धतीही त्यांनी सुचविली.

खडकवासल्याचे दरवाजे

पुण्याजवळ मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले होते. दर पावसाळ्यात त्याच्या सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहराला व कालव्याला टंचाई भासे. भिंतीची उंची वाढवावी, तर जुन्या दगडी बांधकामावर अधिक दाब येणार होता. कायमचा बांध घालून सांडवा उंच करावा, तर पुराची वाट अडणार होती.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर प्रतिभाराने तोललेले दरवाजे बसविले. सांडव्याच्या माथ्यापेक्षा सुमारे ८ फूट उंचीपर्यंत ते पाणी अडवीत. पातळी त्याहून वर चढताच ते आपोआप उघडत आणि पाणी उतरल्यावर पुन्हा मिटत. रात्री-अपरात्री पूर आला, तरी दरवाजा उघडण्यासाठी माणसाची गरज पडत नसे. १९०३ च्या सुमारास झालेल्या या कामामुळे धरणाची उंची न वाढविता साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे झाले. तथापि आपण सरकारी सेवेत असल्याने त्यांनी त्याचे मानधन नाकारले. पुढे ग्वाल्हेरजवळील तिगरा व म्हैसूरजवळील कृष्णराज सागर या धरणांवरही या पद्धतीचे दरवाजे बसविण्यात आले.

हैदराबादचा पूर

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुरात हैदराबाद शहरात हजारो लोक मृत्युमुखी पडले. मुंबई सरकारच्या सेवेतून नुकतेच बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांना निजाम सरकारने पाचारण केले. शहरातून पाणी वेगाने पुढे काढून देण्याइतकेच ते शहराच्या वर थोपवून धरणेही आवश्यक आहे, असे त्यांनी सुचविले. त्यानुसार मुसी व ईसी नद्यांवर उस्मान सागर (१९२०) आणि हिमायत सागर (१९२७) हे जलाशय झाले. खडकवासल्याचा उद्देश अधिक पाणी साठविणे हा होता. येथे मात्र पुरासाठी जलाशयात जागा राखणे महत्त्वाचे होते.

म्हैसूर व उत्तरायुष्य

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानाचे दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराज सागर प्रकल्पास त्यांच्याच पुढाकाराने १९११ मध्ये आरंभ झाला. १९१५ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी आणि १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या लोंढ्याने खडकवासला धरणही फोडले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. सांडव्याचे दरवाजे नेहमीचा पूर सोडू शकतात. वरचे धरण फुटून एकदम येणारे पाणी त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. त्या वेळी विश्वेश्वरय्या हयात होते. पुढल्या वर्षी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

खडकवासला धरण नंतर पुन्हा बांधण्यात आले. पानशेत, वरसगाव व टेमघर यांसह चार धरणांच्या साखळीत ते सर्वांत खाली असून त्याची साठवण क्षमता सर्वांत कमी आहे. म्हणून अतिवृष्टीच्या काळात तेथील पातळी आधीच उतरवून मुठेत टप्प्याटप्प्याने विसर्ग करणे पुण्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक ठरते.