टाळूवरचा पांढरा चट्टा

1923 च्या फेब्रुवारी महिन्यात व्हिएन्नातल्या एका 66 वर्षांच्या डॉक्टरला तोंडात उजव्या बाजूला, टाळू आणि वरचा जबडा जिथं मिळतात तिथं, एक पांढरट, खरखरीत चट्टा जाणवला. हा प्रकार तंबाखूमुळे होतो, हे त्याला ठाऊक होतं. आपण दाखवायला गेलो की पहिला सल्ला सिगार सोडण्याचा मिळणार, हेही ठाऊक होतं. त्यानं दोन महिने कोणालाच काही सांगितलं नाही. हा डॉक्टर म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. माणूस स्वतःपासून काय काय लपवतो हे जगाला सांगण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तोच हा.

फ्रॉइडचा जन्म 6 मे 1856 चा, मोराव्हियातल्या फ्रायबर्ग या छोट्या गावातला. आज ते गाव झेक प्रजासत्ताकात आहे. तो चार वर्षांचा असताना कुटुंब व्हिएन्नाला आलं आणि पुढची 78 वर्षं हेच त्याचं शहर राहिलं. 1881 साली तो डॉक्टर झाला. 1884 साली त्यानं कोकेन या तेव्हा नव्या असलेल्या औषधावर एक लेख लिहिला. त्याच वर्षी त्याचा मित्र कार्ल कोलर यानं कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं आणि एखादाच भाग बधिर करून शस्त्रक्रिया करण्याचं युग सुरू झालं. हे श्रेय थोडक्यात हुकल्याची खंत फ्रॉइडला पुढं बरीच वर्षं होती. चाळीस वर्षांनी त्याच तंत्राच्या आधारे त्याचाच जबडा कापला जायचा होता.

तंबाखू तो विशीत ओढू लागला, आधी सिगारेटी आणि मग सिगार. दिवसाला 20 सिगार हा त्याचा रतीब. वडीलही असेच ओढणारे होते. सिगारशिवाय आपल्याला काम करता येत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. 1890 च्या दशकात छातीत धडधड होऊ लागली, तेव्हा बर्लिनचा मित्र विल्हेम फ्लीस यानं धूम्रपान बंद करायला सांगितलं. फ्लीस नाक-घशाचा डॉक्टर होता. फ्रॉइडनं काही आठवडे ऐकलं, तळमळला आणि पुन्हा सुरू झाला. पुढं हे अनेकदा घडलं. स्वप्नांचे अर्थ, दडपलेल्या इच्छा, मनाचे थर या सगळ्यांवर त्यानं विचार केला, पण या एका सवयीपुढं त्याची विद्या थिटी पडली.

एप्रिलमध्ये अखेर चट्टा दाखवला गेला. आधी एका त्वचारोगतज्ज्ञानं पाहिला, मग फेलिक्स डॉइच या डॉक्टर मित्रानं. डॉइचला पाहताक्षणी कर्करोगाची शंका आली. पण फ्रॉइडला त्यानं सांगितलं ते एवढंच, की हा ल्यूकोप्लाकिया आहे, काढून टाकू. ल्यूकोप्लाकिया म्हणजे तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरावर उठणारा, पुसून न जाणारा पांढरा चट्टा. असा प्रत्येक चट्टा कर्करोगाकडे जात नाही, पण काही जातात, आणि कोणता जाणार हे नुसत्या नजरेनं ठरवता येत नाही. त्यासाठी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

डॉइचनं खरं का लपवलं? आपल्या मरणानं म्हाताऱ्या आईला किती दुःख होईल, याविषयी फ्रॉइड त्याच्याशी बोलला होता. वेळ आलीच तर सन्मानानं मरायला मदत कर, असंही सुचवलं होतं. डॉइचला वाटलं, खरं कळलं तर हा माणूस जीव देईल. हेतू वाईट नव्हता. आपल्याकडेही पेशंटला नका सांगू म्हणून नातेवाईक डॉक्टरला बाजूला घेतात, तेही प्रेमापोटीच.

शस्त्रक्रिया मार्कुस हाजेक या नामांकित नाक-घसातज्ज्ञानं केली, तीही बाह्यरुग्ण विभागात, किरकोळ काम असल्यासारखी. फ्रॉइडनं घरी सांगितलंसुद्धा नव्हतं. रक्तस्राव अपेक्षेपेक्षा खूप झाला. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा पत्नी मार्था आणि मुलगी ॲना धावत आल्या. वॉर्ड नव्हताच. एका लहानशा खोलीत त्याला खाटेवर टाकलं होतं आणि सोबतीला मतिमंद, ठेंगणा असा एक रुग्ण होता. दुपारी दोघींना घरी पाठवल्यावर पुन्हा रक्त वाहू लागलं. फ्रॉइडला हाक मारता येईना, घंटी बिघडलेली. तो सोबतीच धावत जाऊन नर्सला घेऊन आला. फ्रॉइड वाचला तो बहुधा त्याच्यामुळे. त्या रात्री ॲना बापाच्या उशाशी बसून राहिली.

काढलेल्या तुकड्यात कर्करोग निघाला. फ्रॉइडला तेव्हाही सांगितलं नाही. क्ष-किरण आणि रेडियमचे उपचार मात्र दिले गेले. ते कशासाठी, हा प्रश्न त्याच्यासारख्या माणसाला पडला नसेल असं मानणं कठीण आहे. त्याच उन्हाळ्यात, जून महिन्यात, त्याचा लाडका नातू क्षयानं गेला. अवघा साडेचार वर्षांचा. त्याची आई, म्हणजे फ्रॉइडची मुलगी सोफी, तीन वर्षांपूर्वीच गेली होती. फ्रॉइडच्या डोळ्यांत पाणी दिसलं ते या नातवासाठी. स्वतःच्या आजारासाठी कोणी कधी पाहिलं नाही.

सप्टेंबरात तो ॲनाला रोम दाखवायला घेऊन गेला. जाताना आगगाडीत नाश्त्याच्या वेळी तोंडातून रक्ताची चिळकांडी उडाली. बापलेक दोघांनाही अर्थ कळला. तरी त्यांनी रोम पाहिलं. परतल्यावर त्याला सत्य सांगण्यात आलं. आपल्या जवळच्या शिष्यांना हे आधी माहीत होतं आणि आपल्याला सांगायचं की नाही यावर त्यांनी चर्चा केली होती, हे पुढं कळलं तेव्हा तो संतापला. डॉइचवरचा विश्वास उडाला.

चट्टा दिसल्यापासून खऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत आठ महिने गेले होते. आता सूत्रं हान्स पिचलर या जबड्याच्या शल्यविशारदाकडे आली. हा काटेकोर आणि धीराचा माणूस. 4 ऑक्टोबरला त्यानं मानेतली मोठी रक्तवाहिनी बांधली आणि जबड्याखालच्या गाठी काढल्या, कारण तोंडाचा कर्करोग पसरतो तो आधी मानेतल्या या लसीका ग्रंथींमध्ये. 11 ऑक्टोबरला ओठ आणि गाल चिरून उजव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळूचा मोठा भाग काढला. हे सारं जागेपणी, तेवढा भाग बधिर करून. महिन्याभरात शिल्लक पेशी सापडल्या म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया झाली.

टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत. ती गेली की प्यायलेलं पाणी नाकातून येतं आणि प, ट, च यांसारखी अक्षरं उमटेनाशी होतात, कारण त्यांच्यासाठी हवा तोंडात कोंडावी लागते आणि ती तर नाकावाटे निसटते. म्हणून फ्रॉइडला कवळीसारखा एक मोठा कृत्रिम टाळू बसवला. घरात त्याला राक्षस म्हणत. घट्ट बसवला तर जखमा होत, सैल ठेवला तर बोलता-जेवता येत नसे. जबडा पुरेसा उघडत नसल्यानं तो काढणं-घालणं हीच एक झटापट होती. एकदा बापलेकीनं अर्धा तास खटपट करूनही तो बसेना, तेव्हा डॉक्टरला बोलवावं लागलं. पुढं बर्लिनच्या श्रोडर यांनी आणि बॉस्टनच्या कझांजियन यांनी नवे टाळू करून दिले. कोणताही मनासारखा बसला नाही.

कान आणि घसा यांना जोडणारी नळी बिघडल्यामुळे उजव्या कानाला ऐकू येईनासं झालं. ज्याचा व्यवसायच ऐकण्याचा, त्यानं काय करावं? फ्रॉइडनं रुग्णांचा तो प्रसिद्ध कोच आणि आपली खुर्ची यांच्या जागा बदलल्या, म्हणजे डावा कान रुग्णाकडे राहील. चारचौघांत जेवणं बंद झालं, भाषणं थांबली. 1930 चं गटे पारितोषिक त्याच्या वतीनं ॲनानं फ्रँकफर्टला जाऊन घेतलं. शुश्रूषाही तीच करी. कीव दाखवायची नाही, हा दोघांमधला करार होता. लिहिणं मात्र चालूच राहिलं. आणि सिगारसुद्धा.

पुढच्या 16 वर्षांत 30 हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. बहुतेक वेळा नवे चट्टे, खरवडून वा जाळून काढलेले. 1936 मध्ये पुन्हा कर्करोग निघाला. असं वारंवार का होतं, याचा खुलासा 1953 साली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी केला. तंबाखूचा मारा एका ठिपक्यावर होत नसतो, तोंडाच्या सबंध अस्तरावर होतो. शेतात एक तण उपटलं तरी बाकीचं बी मातीत असतंच. धूर टाळूवर आदळतो; आपल्याकडे तंबाखू-चुन्याची गोळी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवतात, तर रोगही बहुधा तिथंच उगवतो. पण आजूबाजूचं अस्तर दोन्हीकडे बिघडलेलंच असतं. एक आजार बरा झाल्यावरही तंबाखू सोडायला सांगतात ते यासाठी.

1929 पासून माक्स शूर हा तरुण डॉक्टर फ्रॉइडची काळजी घेऊ लागला. त्याला नेमतानाच फ्रॉइडनं दोन वचनं मागून घेतली. पहिलं, माझ्याशी नेहमी खरं बोलायचं. दुसरं, वेळ आल्यावर विनाकारण हाल होऊ द्यायचे नाहीत. डोकं बधिर होतं म्हणून तो वेदनाशामकं टाळत असे, फार तर ॲस्पिरिन घेई.

नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर जून 1938 मध्ये 82 वर्षांचा फ्रॉइड लंडनला निघून गेला. सप्टेंबरात पिचलर व्हिएन्नाहून तिथं आला आणि पुन्हा ओठ चिरून त्यानं दोन तासांची शस्त्रक्रिया केली. त्या डिसेंबरात बीबीसीनं त्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला. इंग्रजीत, अडखळत, एकेक शब्द ढकलत तो बोलतो. आजही ते ऐकता येतं, आणि तोंडातला तो राक्षस कानांना जाणवतो.

1939 च्या सुरुवातीला रोग पुन्हा उलटला. आता चाकू चालण्यासारखा नव्हता. पॅरिसहून तज्ज्ञ आले, किरणोपचार झाले. ऑगस्टपर्यंत गालाला भोक पडलं. माश्या बसू नयेत म्हणून पलंगावर मच्छरदाणी लावली. दुर्गंधीमुळे त्याची लाडकी कुत्री खोलीच्या पार कोपऱ्यात जाऊन बसे, जवळ येईना.

21 सप्टेंबरला त्यानं शूरला दुसऱ्या वचनाची आठवण करून दिली आणि हे ॲनाला सांगायला लावलं. ॲना आधी तयार नव्हती, मग तिनं मान्य केलं. मॉर्फिन दिलं गेलं. 23 सप्टेंबरला फ्रॉइड गेला.