विश्लेषण : सिगारेट खपवणाऱ्या बर्नेज यांनीच जाहिरातबंदीची बाजू का घेतली?

३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर नटूनथटून निघालेल्या गर्दीत काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. बाईने चारचौघांत सिगारेट ओढणे तेव्हा अमेरिकेतही असभ्य मानले जाई. वर्तमानपत्रांत बातमी झळकली ती स्त्री-स्वातंत्र्याची. यामागे सिगारेट कंपनी आहे, हे वाचकांना कळले नाही.

हा बनाव एडवर्ड बर्नेज यांचा होता.

कोण होते बर्नेज?

जन्म १८९१चा, व्हिएन्नातला. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांचे ते सख्खे भाचे. वाढले न्यूयॉर्कमध्ये, पदवी घेतली शेतीची आणि रमले प्रसिद्धीच्या धंद्यात. जनसंपर्क हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा करणाऱ्यांत त्यांचे नाव आघाडीवर आहे.

‘लकी स्ट्राइक’ बनवणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीला महिला ग्राहक हवे होते. बर्नेज यांनी मनोविश्लेषक ए. ए. ब्रिल यांचा सल्ला घेतला आणि सिगारेटला स्वातंत्र्याची मशाल ठरवून टाकले. तरुणींना निमंत्रणाच्या तारा गेल्या, त्याही सेक्रेटरीच्या नावाने. पुढे ‘लकी स्ट्राइक’चे हिरवे पाकीट कपड्यांना शोभत नाही, अशी महिलांची तक्रार असल्याचे दिसले. कंपनी पाकीट बदलेना. मग १९३४मध्ये बर्नेज यांनी हिरवा रंगच फॅशनमध्ये आणण्याचा घाट घातला!

त्या एका रविवारामुळे अमेरिकी महिला सिगारेट ओढू लागल्या, ही मात्र अतिशयोक्ती. प्रमाण आधीपासूनच वाढत होते. ही आख्यायिका पसरवण्यात खुद्द बर्नेज यांचा वाटा मोठा.

भूमिका कशी बदलली?

११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ल्युथर टेरी यांचा अहवाल आला. धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सरकारी पातळीवर मान्य झाले. सत्तरी ओलांडलेले बर्नेज त्यानंतर धूम्रपानविरोधी गटांबरोबर उभे राहिले. रेडिओ-टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती थांबवा, अशी त्यांची मागणी होती.

धोका ठाऊक असता तर ते काम घेतलेच नसते, असे ते सांगत. यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. कारण सिगारेटचा प्रचार करत असतानाच पत्नी डोरिस यांची सवय सुटावी म्हणून ते मुलींना त्यांच्या सिगारेटी मोडून फेकायला लावत.

बंदीतून काय सुटले?

अध्यक्ष निक्सन यांनी १ एप्रिल १९७० रोजी कायद्यावर सही केली. फिफ्थ अव्हेन्यूवरच्या त्या रविवारनंतर ४१ वर्षे आणि एका दिवसाने. २ जानेवारी १९७१पासून रेडिओ-टीव्हीवरच्या सिगारेट जाहिराती बंद झाल्या.

पण १९२९चा प्रकार या कायद्यात बसलाच नसता. ती जाहिरात नव्हतीच, बातमी होती. कंपन्यांनीही हीच फट शोधली. महिलांसाठीच्या ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ या सिगारेटचे नाव महिला टेनिस स्पर्धांना दिले गेले आणि १९९४पर्यंत ते झळकत राहिले. बर्नेज यांनी हेही पाहिले. ९ मार्च १९९५ रोजी, वयाच्या १०३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारताच्या २००३च्या कायद्यात अप्रत्यक्ष जाहिरात आणि प्रायोजकत्व यांच्यावरही बंदी आहे.