विश्लेषण : सरकारी कामात नवे प्रयोग कसे आखायचे? विश्वेश्वरय्यांची कामाची रीत काय सांगते?

दरवर्षी १५ सप्टेंबरला, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जन्मदिनी, देशभर अभियंता दिन साजरा होतो. त्या दिवशी त्यांनी उभारलेली धरणे, कालवे आणि कारखाने यांची उजळणी होते. या कामांमागच्या पद्धतीची चर्चा मात्र कमी होते. आधी झालेल्या कामाचा आढावा, मग अडचणीची नेमकी मांडणी, मग जाणकारांना विचारणा आणि पडताळणी, आणि शेवटी आराखडा, असा त्यांचा साधारण क्रम असे. हा क्रम सरकारी यंत्रणेत कुठे उपयोगी पडला आणि कुठे तोकडा पडला, ते पाहू.

सुरुवात कुठून झाली?

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील मुद्देनहळ्ळीचा. शाळकरी वयातच वडील गेले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळूरुत पदवी मिळवली आणि पुढील शिक्षणासाठी ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ ते हेच. १८८३ मध्ये ते स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले.

पुढे खान्देश, पुणे, सुरत अशा ठिकाणी त्यांनी काम केले. १८९४-९५ मध्ये सिंधमधील सक्कर शहराचा पाणीपुरवठा त्यांच्याकडे आला. सिंधू नदीचे पाणी गढूळ होते आणि गाळण यंत्रणेसाठी नगरपालिकेकडे पैसा नव्हता. त्यांनी काठाजवळ नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपून येणारे पाणी आपोआप गाळले जाऊ लागले. यंत्रणा विकत घेता येत नसेल, तर गाळण्याचे काम दुसरे कोण करू शकते, असा प्रश्न बदलून त्यांनी मार्ग काढला.

खडकवासल्यात नेमके काय केले?

पुण्याजवळच्या खडकवासला तलावात पावसाळ्यात भरपूर पाणी येई आणि जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. उन्हाळ्यात मात्र शहराला आणि कालव्यांना टंचाई भासे. धरणाची भिंत उंच करणे हा सरळ उपाय दिसत होता. पण तो खर्चिक होता आणि जुन्या भिंतीवर भारही वाढला असता.

विश्वेश्वरय्यांनी अडचणीचे दोन भाग केले. पूर ओसरल्यावर पाणी अडवायचे होते, तर पूर आल्यावर ते सोडून द्यायचे होते. भिंत उंच केल्याने दुसरा भाग सुटत नव्हता. म्हणून त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवण्याची रचना केली. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की दरवाजे उघडत आणि पातळी उतरली की बंद होत. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले. त्यांचे पेटंटही विश्वेश्वरय्यांनी घेतले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या टिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर याच प्रकारचे दरवाजे आले.

कालव्यावरचा प्रश्न वेगळा का होता?

नीरा कालव्यावर यंत्राने सुटणारी अडचण नव्हती. पाटाचे पाणी मोजक्या गावांत उसाला जाई आणि बाकीची शेते कोरडी राहत. सतत पाण्याखाली राहिलेल्या जमिनीही बिघडत. येथे विश्वेश्वरय्यांनी वाटपाचा नियम बदलण्याचा प्रस्ताव दिला. लाभक्षेत्राचे गट पाडायचे, गटाच्या काही भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्या भागात हंगामी पिके घ्यायची आणि पिकांची फेरपालट करायची. हीच ब्लॉक पद्धत. धुळे आणि नाशिक भागातील शेतकऱ्यांच्या जुन्या फड पद्धतीशी तिचे साम्य सहज लक्षात येते. त्या भागात विश्वेश्वरय्यांची सुरुवातीची वर्षे गेली होती. नवे काही करायचे म्हणजे बाहेरून यंत्रच आणावे लागते असे नाही, हे या कामातून दिसते.

हैदराबादचा पूर आणि कारणांचा शोध

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्याची नोकरी सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या पुराने हैदराबादमध्ये हाहाकार उडवला आणि हजारोंचे बळी गेले. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. शहराभोवती बांध घालण्याचा तातडीचा सल्ला देणे सोपे होते. त्यांनी आधी पाऊस किती आणि कुठे पडला, वरच्या खोऱ्यात पाणी कसे साठले आणि तेथील लहान तलाव कसे फुटत गेले, हे तपासले. उत्तर शहराच्या बाहेर, नदीच्या वरच्या अंगाला निघाले. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय त्या शिफारशींतून पुढे उभे राहिले.

आढावा हीच संस्था कशी झाली?

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. तोपर्यंत आढावा आणि आखणीची ही रीत एका अधिकाऱ्याची सवय होती. म्हैसूरमध्ये तिला संस्थेचे रूप मिळाले. महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांच्या पाठिंब्याने जून १९११ मध्ये म्हैसूर आर्थिक परिषद सुरू झाली. शेती, शिक्षण आणि उद्योग-व्यापार अशा समित्या नेमल्या गेल्या. त्यांत अधिकाऱ्यांबरोबर बिगरसरकारी मंडळीही होती. माहिती गोळा करायची, अडचणी मांडायच्या, प्रस्ताव द्यायचे आणि पुन्हा भेटून प्रगती तपासायची, असे परिषदेचे काम चाले. १९१२ मध्ये विश्वेश्वरय्या दिवाण झाले आणि या प्रस्तावांमागे सत्तेचे बळ आले. १९१३ मध्ये म्हैसूर बँक आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले.

चंदन तेलाचा कारखाना हे सरकारी संशोधनाचे ठळक उदाहरण. म्हैसूरचे चंदन परदेशात, मुख्यतः जर्मनीला जाई आणि तेल तिकडे निघे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि हा व्यापार थांबला. लाकूड पडून राहण्याची वेळ आली. संस्थानाच्या उद्योग खात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन होते. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी तेल काढण्याचे प्रयोग केले. प्रयोगशाळेत जमले त्यानंतर कारखाना उभा राहिला. म्हैसूर सँडल साबण याच मालिकेतला.

ही पद्धत कुठे कमी पडली?

परिषदेत अनेक प्रश्न मांडले गेले. पण ते मांडणारे कोण होते, हा प्रश्न बाकी होता. त्या काळी म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. १९१७ पासून प्रजा मित्र मंडळीने ब्राह्मणेतरांच्या प्रतिनिधित्वाची मागणी लावून धरली. महाराजांनी १९१८ मध्ये न्यायाधीश लेस्ली मिलर यांची समिती नेमली. गुणवत्तेला धक्का लागेल या भूमिकेतून विश्वेश्वरय्यांचा अशा आरक्षणाला विरोध होता. शिक्षणाचा प्रसार हाच मार्ग, असे त्यांचे मत होते. मतभेद वाढले आणि १९१८ च्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले. समितीच्या अहवालानंतर म्हैसूरमध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत प्राधान्याचे धोरण आले.

पाऊस, पाणी आणि उत्पादन यांची कारणे बारकाईने शोधणाऱ्या प्रशासकाने नोकऱ्यांतील विषमतेची कारणे त्याच बारकाईने तपासली नाहीत, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते. आढाव्याची रीत कितीही काटेकोर असली, तरी ज्यांना झळ बसते ते बैठकीत नसतील तर काही प्रश्न कागदावर येतच नाहीत.

अपयश आल्यावर काय केले?

भद्रावतीचा लोखंड कारखाना विश्वेश्वरय्यांच्या आग्रहातून उभा राहिला. १९२३ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा युद्धोत्तर मंदीने लोखंडाचे भाव उतरले होते आणि कारखाना तोट्यात गेला. संस्थानाने पुन्हा विश्वेश्वरय्यांनाच बोलावले. संचालक मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी खर्च कमी केला आणि महागड्या परदेशी तंत्रज्ञांच्या जागी भारतीयांना तयार केले. आपल्याच योजनेचा आढावा घेऊन ती दुरुस्त करण्याची वेळ येथे त्यांच्यावर आली.

आजच्या खात्यांना यातून काय घेता येईल?

१९३४ मध्ये विश्वेश्वरय्यांनी देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले.

नवा प्रकल्प आखणाऱ्या खात्यासाठी त्यांच्या कामातून काही साधे प्रश्न मिळतात. मागच्या वेळी काय झाले, याची लेखी नोंद आहे का? उपाय ठरवण्याआधी कारण तपासले का? मोठा खर्च करण्याआधी छोटा प्रयोग झाला का? पुन्हा आढावा कधी आणि कोण घेणार? म्हैसूरच्या अनुभवाने यात आणखी एका प्रश्नाची भर घातली. ज्यांच्यासाठी योजना आहे, त्यांच्यापैकी कोणी बैठकीत आहे का?